सत्तर पानांचा पुडा

हिशेबाच्या आदल्या रात्री
समाजमंदिराच्या दारात गर्दी झाली
आणि दारात कुत्रंसुद्धा नव्हतं.

सोलरच्या बॅटरीला टेकून माझा जुना लॅपटॉप,
त्यात तेरा गावांचा तेंदू:
कोणत्या फळीवर कोणी किती पुडे टाकले,
मुनशीनं किती लिहिले,
दोन्हींतला फरक लाल रंगात.
साडेआठला पंखा भणभणला.
पावणेनऊला पाहते तर
सेकंदाला चाळीस हजार जण विचारतायत,
माझे किती? माझे किती?
आणि उत्तर ऐकायला एकही थांबत नाही.

तेरा गावांत मिळून माणसंच चार हजार.

"कोन होय?" दसरू हिचामींनी विचारलं.
कोणी नाही, काका. कुठल्या शहरातल्या दुकानाचा कॅमेरा,
कोणाचा टीव्ही, कोणाच्या दाराची घंटी.
त्यांना ठाऊकही नाही की ते आपल्याला विचारतायत.
"मंग काहून विचारून राह्यले?"
पाठवलं म्हणून.
कोणी, ते काकांनी विचारलं नाही.
सकाळी ठेकेदाराची वही तेवढी उघडणार होती.

मुरपारहून फुलवंता नरोटीचा फोन: उघडत नाही.
बोदलदंडहून: उघडत नाही.
मी एक दार लावलं, ते दुसऱ्या नावानं आले.
दुसरं लावलं, तर आपलीच माणसं बाहेर राहिली.
खरं सांगायचं तर सगळं एका जागी मीच ठेवलं होतं.
सोपं पडतं, असं सभेत म्हणाले होते.
ती जागा माझी होती, हे म्हणाले नव्हते.

सोमारी उसेंडी भिंतीशी बसून उरलेली पानं बांधत होती.
मान वर न करता बोलली,
"तलाव एक असन तं कोनीबी फोडते.
बोड्या किती फोडन?"

मग मी वायरच उपटली.
पोरांच्या फोनमधली कार्डं काढली, गाणी पुसली,
तेरा नकला, चुन्याच्या डब्यांत.
इंदरशाहच्या मोटरसायकलीत पेट्रोल अर्ध्या वाटेपुरतं;
पुढं मुरपारचा पोरगा सायकलनं सामोरा आला, टॉर्च दातात धरून.

पहाटेआधी तेरा गावांत तेरा फोन,
प्रत्येकात सगळ्यांचं सगळं.
ज्याला हवं त्यानं शेजारच्याला विचारायचं,
त्याच्याकडे नसेल तर त्यानं त्याच्या शेजारच्याला.
शाळेच्या छपरावरचा राउटर
फक्त पुढच्या शाळेचं छप्पर ओळखतो.
गर्दीला ही वाट माहीत नव्हती.
ती उपटलेल्या वायरीपाशी ओरडत राहिली,
अजूनही ओरडत असेल.

चार वाजता येरमटोल्याच्या नकलेत एक आकडा हलला.
कार्ड किडलेलं की कोणाचा हात, अजून कळलेलं नाही.
बाकीचे बारा फोन म्हणाले: हे आमचं नाही.
कसं ओळखलं, काकांनी विचारलं.
मी सांगू लागले, प्रत्येक पानाला मागच्या पानाची गाठ असते,
एक आकडा सरकला की...
पुढचं मराठीत येईना.
सोमारीनं बांधलेला पुडा माझ्या तळहातावर ठेवला.
"किती?"
सत्तर, मी म्हटलं. नेहमी सत्तरच असतात.
"एकोनसत्तर."
तिनं मोजला नव्हता.

सकाळी फळीवर मुनशीनं वही उघडली, फुलवंतानं फोन.
तो म्हणाला, तुमचं तर बंद पडलं होतं ना?
तिनं फोन खिशात ठेवला. बोदलदंडच्या म्हाताऱ्यानं त्याचा काढला.
मग येरमटोल्याच्या बाईनं, नवी नकल असलेला.
सगळा फरक काही मिळाला नाही.
अर्ध्याहून थोडा वर.

"मंग आता मालक कोन याचा?" दसरूकाका.
मी लॅपटॉपचं झाकण पुसत होते, उगाच.
सोमारीनं रात्रीचा तो पुडा सोडला होता.
तिच्याजवळची पानं संपलेली.
हात, न पाहता,
शेजारणीच्या ढिगात गेला.